संथ पाण्याचा हिशेब

कालवा म्हटला की आपल्याला पाटाचे पाणी आठवते. धरणातून सुटलेले, शेताकडे निघालेले, पाळीपाळीने मिळणारे. त्या पाण्यावर कोणी घर करावे, मालाचे पडाव हाकावेत, मुसाफिरांनी चार-चार दिवस त्यावरून प्रवास करावा, ही कल्पना आपल्याला परकीच वाटते. उर्दूच्या तासाला आम्ही 'नहर' हा शब्द शिकवतो, मराठीत 'कालवा'. दोन्ही शब्दांना ओलिताचा वास आहे. फ्रान्समध्ये मात्र कालवा म्हटला की आधी बोट डोळ्यांसमोर येते आणि मग शेत.

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा आहे. त्याचे नाव कनाल द्यु मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात, उन्हाळ्याची गर्दी ओसरली की, शांतपणे फिरू इच्छिणारे लोक तेथे भाड्याने बोट घेतात. द्राक्षाची तोडणी उरकत आलेली असते, मळ्यांची पाने तांबूस होतात, काठावरची झाडे पिवळी पडतात. आपल्याकडे शरद म्हणजे ऑक्टोबरचे ऊन. त्यांच्याकडे शरद म्हणजे पानगळ. बोटीचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या वर न्यायचा नाही असा नियम आहे. माणूस जरा झपाझप चालला तर बोटीच्या बरोबरीने जाईल. या संथपणासाठी लोक दूरदूरच्या देशांतून येतात आणि चांगले पैसे मोजतात.

त्यांच्या फुरसतीबद्दल आमची काही तक्रार नाही. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. सुंदर देखावा दिसला की तो विचारतो, हे येथे आले कसे? कोणाच्या हातांनी आले? आणि आज जे हळू जातात ते हौसेने जातात, पूर्वी जे हळू जात होते ते कशाने जात होते?

प्रथम जमिनीचा प्रश्न पाहू. फ्रान्सच्या एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र. एका समुद्रातून दुसऱ्यात जायचे तर सबंध स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जावे लागे. हा वळसा सुमारे ३,००० किलोमीटरचा. वाटेत चाचे, वादळे, आणि ज्याच्याशी वारंवार युद्ध त्या स्पेनचा किनारा. मधून कालवा काढावा ही कल्पना रिकेच्या कितीतरी आधीपासून राजेलोकांच्या दरबारात फिरत होती. अडत होते ते एकाच गोष्टीवर. मधली जमीन उंच आहे. तुलूझकडून चढ, समुद्राकडे उतार. कालव्याच्या सर्वांत उंच ठिकाणी, म्हणजे समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर, पाणी कोठून आणायचे? नदी तर तेथे नाही. आणि पाणी चढावर जात नाही, हे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते.

हे कोडे सोडवणारा माणूस इंजिनिअर नव्हता. पिएर-पॉल रिके हा बेझिए गावचा, मिठावरील कर वसूल करण्याचा मक्ता घेतलेला. मिठावरच्या कराचे दुखणे भारतीय वाचकाला समजावून सांगायला नको. फ्रान्समध्येही तो कर लोकांच्या मनातून उतरलेला होता. गोरगरिबांच्या भाकरीतल्या मिठावर रिकेने संपत्ती केली आणि पुढे ती बरीचशी या कालव्याच्या पाण्यात ओतली. हेही त्याच्या हिशेबात मांडले पाहिजे, आणि तेही.

१५ नोव्हेंबर १६६२ रोजी त्याने राजा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहून आपली योजना कळवली. योजनेचे मर्म असे होते : उत्तरेला 'मोंतान्य न्वार' म्हणजे काळा डोंगर आहे. त्या डोंगरातले लहानमोठे ओढे अडवायचे, चर खणून त्यांचे पाणी डोंगराच्या कडेकडेने वळवत आणायचे, आणि नोरूझ या खिंडीत, जेथून पाणी दोन्हीकडे उतरू शकते तेथे, नेऊन सोडायचे. डोंगरातल्या पाण्याची नस त्याला दाखवली ती रेव्हेल गावच्या काम्पमास नावाच्या पाणक्याने. पाट, झरे, उतार यांची राखण हाच त्याचा धंदा. योजनेवर सही रिकेची असली तरी तिच्यात ज्ञान एकट्याचे नव्हते. ऑक्टोबर १६६६ मध्ये राजाचा हुकूम निघाला आणि १५ एप्रिल १६६७ रोजी सँ-फेरेओल येथील धरणाचा पहिला दगड बसला. मातीचा भराव आणि दगडी भिंती यांचे हे धरण सुमारे ७८० मीटर लांब आहे. त्यात ६० लाख घनमीटरहून अधिक पाणी मावते. साडेतीनशे वर्षे झाली तरी ते काम देत आहे.

या भरावाची माती कोणी वाहिली? टोपल्यांनी, डोक्यावरून आणि पाठीवरून, आणि वाहणाऱ्यांत मोठ्या संख्येने बायका होत्या. अमेरिकेतील अभ्यासक चंद्रा मुकर्जी यांनी या कालव्यावर २००९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्या सांगतात की पिरेनीज पर्वताकडून आलेल्या शेतकरी बायका नुसत्या ओझेवाल्या नव्हत्या. त्यांच्या डोंगराळ गावांत रोमन काळापासूनची गरम पाण्याची कुंडे, पाट, चर होते, आणि पाणी उतारावरून कसे वळवायचे याचा हुनर घराघरांत चालत आला होता. पुस्तकात नव्हे, हातात. रोमन कारागिरी कागदावरून विसरली गेली होती, पण या बायकांच्या रोजच्या कामात ती शिल्लक होती. कालव्याला तिचा उपयोग झाला, पण तिचे नाव कोठे नोंदले गेले नाही.

एकेका वेळी १२,००० पर्यंत माणसे या कामावर होती. रिकेने त्यांना महिन्याचा पगार दिला आणि पावसाने काम थांबले, सण आला, रविवार आला तरी पगार कापला नाही. आजारपणातही काही मिळे. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. त्याचे मन मोठे म्हणून असे घडले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमचे मत जरा वेगळे आहे. शेतीचा हंगाम आला की मजूर गावाकडे परततात, आणि अर्धवट खणलेला चर पहिल्या मोठ्या पावसात ढासळतो. मजूर टिकवणे ही कालव्याचीच गरज होती. मन मोठे असेलही, पण हिशेबही पक्का होता.

आता बोट चढावर कशी जाते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण या प्रवासाचा संथपणा त्यातच आहे. वाटेत ठिकठिकाणी दगडी कोठ्या बांधलेल्या आहेत. इंग्रजीत त्यांना लॉक म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू. कोठीच्या दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. बोट खालून आत शिरते, मागचा दरवाजा मिटतो, वरच्या बाजूने पाणी आत सोडतात. पाणी चढते तशी बोट चढते. वरच्या कालव्याच्या पातळीला पाणी आले की पुढचा दरवाजा उघडतो. उतरताना याच्या उलट. कालव्यावर अशी ६३ लॉक आहेत. सुरुवातीला रिकेने कोठ्यांच्या भिंती सरळ बांधल्या, त्या बाजूच्या मातीच्या दाबाने कोसळल्या. मग त्याने भिंतींना बाहेरच्या बाजूने फुगवटा दिला. कमान जशी वरचे ओझे पेलते तशी ही आडवी कमान मातीचे ओझे पेलते. म्हणून या कालव्यातली जुनी लॉक अंड्याच्या आकाराची दिसतात.

बेझिएजवळ फोंसेरान येथे तर अशा आठ कोठ्या एकीला एक लागून, डोंगरउतारावर जिन्यासारख्या उतरत गेल्या आहेत. बोट तेथे सुमारे २१ मीटर चढते किंवा उतरते. हे काम मेदाई नावाच्या दोन भावांनी कंत्राटावर घेतले होते. दोघेही निरक्षर. त्यांच्या हाताखाली बहुतेक बायका. आम्ही पेशाने शिक्षक. अक्षरओळखीशिवाय माणूस अपुरा राहतो असे वर्गात रोज सांगतो आणि ते सांगणे चुकीचेही नाही. तरी उतारावर आठ कोठ्यांतले पाणी बरोबर मापात बसवणाऱ्या या दोन भावांसमोर आमची बी.एड.ची पदवी क्षणभर गप्प बसते.

तेथून जवळच मालपासची टेकडी आहे. तेथे दगड ठिसूळ निघाला, काम थांबवा असा वरून निरोप आला, कोल्बेरचा रिकेवरचा विश्वास एव्हाना उडत चालला होता. असे म्हणतात की रिकेने वरवर काम थांबवले आणि आतून गुपचूप बोगदा पाडून घेतला, तोही आठवडाभरात. दिवसांचा आकडा दंतकथेचा असू शकेल, पण सुमारे १६५ मीटरचा तो बोगदा आहे तेथेच आहे. मौज अशी की त्याच टेकडीच्या पोटातून तेराव्या शतकातला एक चर जातो. पलीकडचे तळे कोरडे करून शेती करण्यासाठी तो खणला होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वेनेही तेथूनच आपला बोगदा नेला. एक टेकडी आणि तीन युगांची तीन भोके!

१ ऑक्टोबर १६८० रोजी, ऐन पानगळीत, रिके वारला. कालवा पुरा व्हायला काही महिनेच उरले होते. मे १६८१ मध्ये उद्घाटनाची मिरवणूक बोटींतून निघाली, तेव्हा त्याचे मुलगे होते आणि डोक्यावर कर्ज होते. कालव्याच्या जकातीतून त्या घराण्याला नफा दिसायला चाळीसेक वर्षे लागली. कालव्याचे नाव तेव्हा 'लांगदोकचा शाही कालवा' असे होते. राजेशाही गेल्यावर तो 'दक्षिणेचा कालवा' झाला.

शरद ऋतू तेथे केवळ सोनेरी पानांचा नसतो, हेही येथेच सांगू. सहलीच्या रंगीत पत्रकांत ते नसते. भूमध्य समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यावरून येणारे ओले वारे डोंगराला धडकले की काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो. कोरडे ओढे एका रात्रीत नद्या होतात. रिकेने बरेच ओढे सरळ कालव्यात घेतले होते. पूर आला की ते गाळ आणि दगड आणून टाकत. १६८६ साली वोबाँ हा राजाचा नामांकित किल्लेबांधणीकार पाहणीला आला. काम त्याला पसंत पडले, पण ओढ्यांची व्यवस्था मुळीच नाही. त्याच्या सांगण्यावरून पुढे अनेक ठिकाणी ओढे खालून आणि कालवा वरून अशी रचना झाली, जादा पाणी बाहेर टाकायला सांडवे बांधले गेले. ला रेदोर्तजवळचा अकरा कमानींचा दगडी सांडवा त्याच सुधारणांतला. त्यावरून चालत जाणाऱ्याला तो नुसता सुरेख पूल वाटतो. एवढे करूनही पाणी आपला हक्क सोडत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०१८ मध्ये ओद जिल्ह्यात असे पूर आले. दुसऱ्या खेपेला कालव्याकाठच्या ट्रेब गावात माणसे दगावली.

पूर्वीचा मुसाफिर या कालव्यातून कसा जात होता? घोडा काठावरच्या वाटेने चाले, दोराने बोट ओढी. तुलूझहून समुद्राकडच्या आग्दला पोचायला चार दिवस लागत. टप्पे ठरलेले होते. पहिल्या दिवशी दुपारचे जेवण नेग्रा येथे, तिसऱ्या मुक्कामाची रात्र ल सोमाई येथे. अशा ठिकाणी खाणावळ, घोड्यांचा तबेला, छोटे प्रार्थनाघर असे सगळे एका जागी उभे राहिले. ल सोमाईला तर बर्फ साठवायचे घरही होते. लॉकच्या रांगेपाशी बोट चढवत बसण्याऐवजी मुसाफिरांना उतरवून पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीत बसवत. वेळही वाचे, पाणीही वाचे. खडबडीत रस्त्यावर घोडागाडीत हाडे खिळखिळी करून घेण्यापेक्षा ही बोट केव्हाही बरी होती. म्हणजे आज ज्याला आपण संथ म्हणतो तो त्या काळचा सुखाचा आणि भरवशाचा प्रवास होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला घोडे दर दहा किलोमीटरवर बदलू लागले तेव्हा हेच अंतर सुमारे ३२ तासांवर आले.

१७८७ च्या मे महिन्यात थॉमस जेफरसन या कालव्यातून गेला. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला हा गृहस्थ तेव्हा फ्रान्समध्ये आपल्या देशाचा वकील होता. त्याने आपल्या घोडागाडीची चाके काढली आणि गाडीच बोटीवर ठेवून दिली. दमला की गाडीत बसून वाचायचे, लिहायचे. नाहीतर काठावरच्या झाडांच्या सावलीतून बोटीच्या बरोबरीने चालायचे. आजवरच्या सगळ्या प्रवासांत हा प्रकार आपल्याला सर्वांत आवडला असे त्याने पत्रात कळवले. संथ प्रवासाची आजची जी हौस आहे तिचा पूर्वज म्हणून त्याचे नाव आवर्जून घेतले जाते, ते ठीकच आहे.

पण त्याच्याच टिपणांत आणखी एक नोंद आहे. बहुतेक लॉक बायका सांभाळतात आणि ते काम त्यांना झेपण्यापलीकडचे आहे, असे तो लिहितो. ते जड दरवाजे ढकलणे, पाण्याच्या झडपा उचलणे, दिवसातून कितीतरी वेळा! जेफरसनच्या मनात कणव होती असे म्हणावे, तर घरी अमेरिकेत त्याच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. आयुष्यभरात त्याने सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. बोटीतल्या गाडीत बसून त्याला लॉकवरची बाई दिसली, एवढे श्रेय मात्र त्याला दिले पाहिजे. त्याच वर्षी उन्हाळ्यात आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ येथे आला. बेझिएचा जिना आणि मालपासचा बोगदा पाहून त्याने चौदाव्या लुईची स्तुती केली. व्हर्सायच्या राजवाड्यापेक्षा या कालव्यामुळे तो राजा थोर ठरतो, असा आमचाही कल आहे. फक्त 'राजाने कालवा बांधला' हे वाक्य फळ्यावर लिहिताना खडू जरा अडखळतो.

पुढची कथा रेल्वेची. १८५७ मध्ये बोर्दो ते सेत ही लोहमार्गाची जोडणी पुरी झाली. दुसऱ्याच वर्षी सरकारने हा कालवा ४० वर्षांच्या कराराने कोणाच्या हाती दिला असेल? त्याच रेल्वे कंपनीच्या! शेजारच्या दुकानाची किल्ली प्रतिस्पर्ध्याला द्यावी तसे हे झाले. कंपनीने कालव्यावरचे दर आपल्या सोयीने ठेवले, माल रेल्वेकडे वळवला. मुसाफिरांच्या बोटी बंद पडल्या. १८९८ मध्ये कालवा सरकारकडे परत आला तोवर धंद्याचे कंबरडे मोडले होते. दरम्यान १८७९ च्या कायद्याने फ्रान्समधली मुख्य लॉक सुमारे ३९ मीटर लांबीची करायचे ठरले, ३५० टनांची बोट मावेल एवढी. या कालव्याची लॉक ३० मीटरच्या आसपास. ती वाढवायचे काम लांबत राहिले, पुढे दोन्ही टोकांना काही झाले, मधला भाग जुनाच राहिला. उपेक्षा झाली म्हणूनच रिकेची अंडाकृती लॉक वाचली. १९९६ साली युनेस्कोने हा कालवा जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्यामागे हे रखडणेही होते.

तरी मालाचे पडाव लगेच गेले नाहीत. लोरागेचा गहू, मिनेर्व्ह्वाच्या मळ्यांतली वाइन यांची पिंपे पानगळीच्या दिवसांत वाहिली जात. त्या बोटींवर सबंध कुटुंबे राहत. नवरा सुकाणूवर, बायको दोरावर, पोरे डेकवर, काही वेळा दोराला बांधून ठेवलेली, पाण्यात पडू नयेत म्हणून. येथे घोडी आणि खेचरे ओढीला होती. उत्तरेकडच्या आणि मधल्या फ्रान्सच्या कालव्यांवर, ज्याला जनावर परवडत नसे तो स्वतःच छातीला पट्टा लावून बोट ओढी. बायका आणि मुलेही ओढत. भरलेला पडाव असा ओढताना वेग ताशी एखादा किलोमीटर. आता सांगा, हाही संथ प्रवासच ना?

शिक्षक म्हणून आमचा पहिला प्रश्न पोरांचा असतो. बोट आज या गावी, चार दिवसांनी पुढच्या. शाळा कोणती? पिढ्यान्‌पिढ्या उत्तर एकच होते : कोणतीच नाही. पुढे अशा मुलांसाठी वसतिगृहाच्या शाळा निघाल्या. पॅरिसजवळचे कॉन्फ्लाँ-सँत-ओनोरिन हे बोटवाल्यांचे मोठे ठाणे, तेथेही अशी सोय झाली. मूल शिकले, पण आईबापांपासून तुटले. शिकलेले मूल पुन्हा बोटीवर येईलच असे नव्हते. दोन महायुद्धांच्या दरम्यान घोडा गेला, मोटर आली. मग ट्रक आले. १९८० च्या दशकाअखेर या कालव्यावरची मालवाहतूक संपल्यात जमा झाली.

जे काम म्हणून हळू जात होते त्यांच्यात मौज म्हणून हळू जाणारा पहिला लेखक कोण, हे ठरवणे अवघड आहे. पण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे नाव टाळता येत नाही. १८७६ च्या उन्हाळ्याअखेरीस तो आणि त्याचा एक मित्र दोन लहान होड्या घेऊन बेल्जियममधील अँटवर्पहून निघाले आणि सप्टेंबरात उत्तर फ्रान्सच्या कालव्यांतून, वाझ नदीतून पोंत्वाजपर्यंत गेले. पाऊस त्यांची पाठ सोडीना. १८७८ मध्ये त्या प्रवासाचे पुस्तक निघाले. त्यात पडावावरच्या कुटुंबांचे जगणे त्याला हेवा वाटण्यासारखे वाटते : चूल बरोबर, बिछाना बरोबर, घाई नाही. आणि त्याच प्रवासात भिजलेल्या, मळक्या कपड्यांतल्या या दोघांना खाणावळवाले फेरीवाले समजतात, एका गावी तर दारातून हाकलून देतात. साहेब फेरीवाला दिसला की त्याला फेरीवाल्यासारखे वागवले जाते, हा धडा स्टीव्हन्सनने मोठ्या विनोदाने सांगितला आहे. खऱ्या फेरीवाल्याला तो विनोद सुचला नसता, एवढेच.

या दक्षिणेच्या कालव्यावर भाड्याच्या बोटींचा धंदा आला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस, इंग्लंडहून. कास्तेलनोदारी हे त्याचे पहिले ठाणे. बोट चालवायला परवाना लागत नाही, तासाभरात शिकवून चावी हातात देतात. ज्या गावांत लॉक आहे तेथे पाव, भाजी, द्राक्षे विकत मिळतात. बोटवाल्यांची जागा मुसाफिरांनी घेतली आणि कालवा बुजण्यापासून वाचला, हे मान्य केले पाहिजे. धरणातले पाणी आजही शेतांना जाते. एका लॉकमधून एक बोट गेली की कोठीभर पाणी खाली जाते. पावसाळा तेथे हिवाळ्याकडचा, त्यामुळे पानगळीपर्यंत डोंगरातली धरणे खालावलेली असतात. शेतकऱ्याचे पाणी आणि हौशी माणसाचे पाणी एकाच टाकीतून निघते. म्हणून दोन-तीन बोटी गोळा झाल्या की मगच लॉक उघडतात.

काठावरच्या झाडांची गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली. आज छायाचित्रांत दिसणारी चिनारांची दुहेरी रांग रिकेच्या काळची नाही. चिनार हे नाव आपण काश्मीरच्या झाडाला देतो, त्याच जातकुळीतली ही झाडे, तिकडे प्लातान म्हणतात. आधी विलो होते, पॉपलर होते, रेशमाच्या किड्यांसाठी तुतीही होती. एकोणिसाव्या शतकात प्लातान लावले गेले. एकूण ४२,००० झाडे. मुळांनी काठ धरून ठेवला, पानांनी उन्हात पाणी आटू दिले नाही, बोट ओढणाऱ्या जनावराला सावली दिली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या सुमारास, अमेरिकेहून दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरल्या. त्या लाकडातून एक बुरशी आली असे मानले जाते. साठ वर्षे ती हळूहळू सरकत राहिली. २००६ साली व्हिल्दुबेर येथे, ट्रेबजवळ, या कालव्याच्या काठी ती सापडली. जखमेतून ती झाडात शिरते, रस वाहणाऱ्या नळ्या बुजवते, काही वर्षांत झाड वाळते. शेजारच्या झाडाच्या मुळांतून पुढे जाते. आणि पाण्यातून, बोटींबरोबर. मुक्कामाला दोर बांधला की साल खरवडते, काठाला बोट घासली की मूळ सोलते, पुढच्या मुक्कामी पुढचे झाड. सावलीसाठी आलेल्या बोटींनीच सावलीचा रोग गावोगाव पोचवला. औषध नाही. रोगट झाड आणि त्याच्या आसपासची निरोगी झाडेही तोडून जागच्या जागी जाळावी लागतात. हजारोंनी झाडे गेली. आता झाडाला दोर बांधायला बंदी आहे, काठावर खुंट्या ठोकून बोटी बांधतात. रिकाम्या जागी मुख्यतः ओकची एक जात लावली जात आहे, मधून मधून इतर झाडे. त्यांची सावली पाण्याच्या मध्यापर्यंत पोचायला एक पिढी जाईल.

नोव्हेंबर लागला की भाड्याच्या बोटी ठाण्यावर परत येतात आणि कालवा मार्चपर्यंत वाहतुकीला बंद होतो. मग तुकड्या-तुकड्याने पाणी सोडून देतात. तळ उघडा पडतो. गेल्या पानगळीची पाने, तुटलेले दोर, बाटल्या, सायकली, भिंतीतून निखळलेले दगड. चिखलात बूट घालून माणसे उतरतात, गाळ उपसतात, लॉकचे दरवाजे यंत्राने उचलून नवे बसवतात, अंड्यासारख्या भिंतींच्या सांध्यांत चुना भरतात. काळ्या डोंगरात तेवढ्यात पाऊस सुरू झालेला असतो, आणि सँ-फेरेओलचे धरण पुन्हा भरू लागते.